अमोल, तुझा क्रूस इथंच राहिलाय

सांगली, रविवार रात्र

प्रिय अमोल,

जय ख्रिस्त.

तू पुण्याला पोचलास हे पिंकीकडनं कळलं. मला फोन केला नाहीस, राग आहे, कळतंय मला. भडंगाचा डबा टेबलावरच राहिलाय आणि त्याच्या शेजारी तुझा क्रूस. "आत लपवून घालायचा तर घालतच नाही" म्हणून काढून ठेवलास ना, तसाच होता, चार दिवस मी हात लावला नाही, टेबल पुसताना सुद्धा त्याच्या बाजूनं पुसलं. पप्पा काही बोलले नाहीत पण दोन्ही वेळा खाली पाट घेऊन जेवतायत.

मी म्हणलं काय होतं, एसटीत बसताना साखळी शर्टाच्या आत घाल. एवढंच. त्यावर तू तीन महिन्यांवर गुरुदीक्षा आलेला मुलगा आईला म्हणतोस की मग मी फादर व्हायचं कशाला. हे लागलं मला. तो क्रूस तुझ्या गळ्यात मीच घातलाय, लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या विधीला, तुला आठवत असेल.

या पत्रात मी त्या विषयावर लिहिणार नव्हते. पण तू इथं राहात नाहीस रे. गेल्या वर्षी धर्मांतराच्या नावानं जी भाषणं झाली ती तू मोबाईलवर बघितलीस, मी मंडईत उभं राहून भोंग्यावर ऐकली. हातात मेथीची जुडी होती. वीस वर्षं ज्याच्याकडनं भाजी घेते तो हळूच म्हणाला, "सिस्टर, आज लवकर घरी जावा." मायेनंच म्हणाला, पिशवी पण त्यानंच भरून दिली. पण रिक्षात बसल्यावर मी माझी साखळी पदराखाली घेतली आणि तेव्हापासून ती तिथंच आहे. ३४ वर्षं नर्सची नोकरी केली, रात्री-अपरात्री ड्यूटीवरनं मिरजेहून एकटी आले, कधी भीती वाटली नाही. आता वाटते, आणि ती माझ्यासाठी नाही वाटत.

जायच्या आधी चर्चमध्ये तू प्रवचन दिलंस तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. पोप फ्रान्सिस २०१३ ला धर्मगुरूंना म्हणाले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला पाहिजे, ते तू सांगितलंस. मला एकदम पप्पांचे शर्ट आठवले. तीस वर्षं मार्केट यार्डात आडत दुकानावर, दोनदा धुतले तरी हळदीचा वास जात नाही, तू लहान असताना तो शर्ट उशाला घेऊन झोपायचास. तू बोलताना हात वर करतोस तो अगदी आजोबांसारखा. मी रडले नाही, शेजारची बाई म्हणत असेल तर ती खोटं बोलतेय.

आजोबा मिशनचे मास्तर होते, हे तू सगळ्यांना सांगतोस, पण तू त्यांना म्हातारपणीच बघितलंस. श्रीरामपूरकडच्या त्या गावात फादर महिन्यातनं एकदा यायचे, मिस्साची उपासना करून संध्याकाळी निघून जायचे. बाकीचे दिवस आजोबाच. सकाळी चौथीपर्यंतची शाळा, दुपारी कुणाचं पत्र वाच, कुणाची मनीऑर्डर लिही, कोण मरणाच्या दारात असलं की रात्री कंदील घेऊन प्रार्थनेला जा. ‘निरोप्या’ मासिकाचा अंक आला की लिंबाखाली बसून मोठ्यानं वाचायचे, ज्यांना वाचता येत नाही ती माणसं आजूबाजूला, त्यात आपली नसलेली पण असायची. तो अंक १९०३ पासून निघतो असं ते फार अभिमानानं सांगायचे, जणू त्यांनीच काढलाय. मिशनकडनं पगार किती मिळायचा ते लिहीत नाही, पप्पांना वाईट वाटतं.

२०२१ ला पोप फ्रान्सिसनी कॅटेकिस्टचं, म्हणजे धर्म शिकवणाऱ्या मास्तरांचं काम चर्चची अधिकृत सेवा म्हणून मान्य केलं तेव्हा तू रात्री फोन केलास, "आई, आजोबांचं काम रोमनं मानलं." मी ओट्यापाशी उभी होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. तू म्हणतोस पुढचं चर्च असंच असणार, फादर थोडे, मास्तर जास्त, आणि मास्तर बाया पण असतील. मला पटतं. आपल्याकडंच बघ की, इस्लामपूर, तासगाव, विटा, कुठं चार घरं कुठं सहा, एकटा माणूस किती ठिकाणी पुरणार. तरणी पोरं सगळी हिंजवडीला. मिस्सेला आम्ही म्हातारे आणि केरळच्या नर्स पोरी, त्यांना इंग्लिश पाहिजे, आम्हाला मराठी, रेल्वेतल्या जुन्या लोकांना कोकणी गाणी. आणि तुझ्यानंतर आपल्यातनं एकही मुलगा फादर व्हायला सेमिनरीत गेला नाही. घरात एक नाहीतर दोन पोरं, कोण देणार. मी दिला. हे मोठेपणा म्हणून नाही लिहिलं.

म्हणून सांगते, फादर झालास की ऑफिसात बसू नकोस. घराघरात जा. प्रवचन व्हॉट्सअॅपवर टाकून काम झालं असं समजू नकोस. रोझीमावशीच्या सुवर्णाचं काय झालं तुला माहितीय, मराठ्यांचा मुलगा, चांगला, स्वतः म्हणाला चर्चमध्ये पण लग्न करू. बिशपांची परवानगी घेऊन तसं होतं, हे तूच सांगितलंस. पण तिकडच्या चर्चच्या ऑफिसात तिच्या हातात नुसता फॉर्म दिला, पुढच्या आठवड्यात या म्हणाले, बसा पण कोण म्हणालं नाही. पोरगी परत गेलीच नाही, ना लग्नाला ना नाताळाला. एक कप चहा दिला असता ना अमोल. नियम तू शिकलायस, मी नाही, पण दारात आलेल्या माणसाला बस म्हणायला कुठल्या नियमाची अडचण येते. आजारी माणसाकडं जाताना घड्याळ बघू नकोस, आणि म्हातारी बाई तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागली तरी

जाऊ दे. नऊ वर्षं शिकलेल्या मुलाला मी शिकवतेय. चुकलं.

पुराचं मात्र लिहिते. २०१९ चा ऑगस्ट, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर. तू सुट्टी काढून आला होतास, चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांची खिचडी ढवळत होतास, तुला वेळ नव्हता. मी फादरांच्या खोलीत पातेलं आणायला गेले तर ते इस्त्रीच्या टेबलावर वाकलेले. सांगलवाडीच्या एका म्हातारीची हरिपाठाची पोथी भिजली होती, घरातनं तिनं तेवढीच आणलेली. फादर एकेक पान सुटं करत होते, खाली वेदीचं पांढरं कापड, वर दुसरं कापड, आणि मग इस्त्री, अगदी हलकी, पान करपू नये म्हणून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे. म्हातारी शेजारी स्टुलावर बसून म्हणत होती, "फादर, त्या पानाचा कोपरा दुमडलाय." रात्रीचे अकरा वाजले होते.

आणि हे बघ, त्या दिवशी फादर बनियन आणि हाफ पँटवर होते, गळ्यात काहीसुद्धा नव्हतं. तरी सगळा हॉल त्यांना फादर म्हणून ओळखत होता की नाही?

बघ, परत तिथंच आले. ती गोष्ट एवढी चांगली आहे आणि मी ती तुला हरवायला वापरली. पप्पांना हे वाचून दाखवलं तर ते पहिल्यांदाच बोलले, म्हणाले, तो फादर वर्षानुवर्षं दिसत होता म्हणून त्या दिवशी ओळखला. मग म्हणाले दिब्रिटो फादरांचं बघ. २०२० ला उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, निवड झाल्यावर केवढा विरोध झाला, तरी गेले आणि मराठीवर बोलले, लपून बसले असते तर आपल्याला कळलं असतं का फादर असा पण असतो. पप्पा तुझ्या बाजूनं आहेत, तुला सांगायचं धाडस त्यांना नाही.

तुला सेमिनरीत सोडायला आलो तो दिवस मला परवापासनं आठवतोय. तिथल्या फादरांनी पप्पांना सांगितलं होतं की ही सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ ला श्रीलंकेत कँडीला काढली, १९५५ ला पुण्याला आली, आणि त्या पोपांचं म्हणणं होतं, हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. पप्पांनी फक्त विचारलं मेस कुठं आहे. पण परतताना एसटीत कराडपर्यंत गप्प होते आणि मग म्हणाले, "तुझेच पुत्र म्हणलंय, बाहेरचे नाही." आता नवीन पोपांनी पण लिओच नाव घेतलं, तेव्हा टीव्हीसमोर परत तेच म्हणाले. भोंग्यावरच्या माणसाला कुणीतरी हे सांगायला पाहिजे होतं. मी मेथी घेऊन घरी आले.

आज मिस्साहून आल्यावर क्रूस उचलला. साखळीची कडी वाकलीय, तू ओढून काढलास तेव्हाच झालं असणार. उद्या सराफ कट्ट्यावर नेऊन बदलून घेते. मंगळवारी पिंकी पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवते, भडंग पण, यावेळी लसूण जास्त घातलाय. आत घाल का बाहेर ते मी लिहीत नाही. झग्याचं माप मात्र लगेच पाठव, टेलरला उंचीत दोन इंच जास्त धरायला सांगितलंय, तू वाळलायस.

फक्त येताना रात्रीची गाडी धरू नकोस. दिवसाची धर, आणि स्वारगेटला बसलास की फोन कर, रागात असलास तरी कर.

तुझी
आई