घरशाळेचं वेळापत्रक वावराकडे पाहून बांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून लागला की मुलाला घरीच शिकवायचं ठरवणाऱ्या आया पहिली चूक करतात ती वेळापत्रकाची. अकरा ते पाच, सहा विषय, असा शाळेचा तक्ता भिंतीवर लागतो आणि पहिल्या निंदणालाच कोलमडतो, कारण त्या वेळेत आई वावरात असते. मग रात्री नऊ वाजता दमलेली आई आणि पेंगणारं लेकरू समोरासमोर बसतात, आवाज चढतो आणि दोष मुलाच्या डोक्याला लागतो. दोष त्या तक्त्याचा असतो.

प्राथमिक वयाच्या मुलाला समोर बसून शिकवायला रोज दीड तास पुरतो. सडा-सारवण, देवपूजा आटोपली की सहा ते साडेसात, पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या तीन बैठका आणि मध्ये थोडी मोकळीक. आधी गणित, मग मराठी वाचन, शेवटी लिहिणं. गणित शेवटी ठेवलं तर तोवर चूल पेटवायची वेळ होते आणि रोज तेच राहून जातं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणीचा जोर असतो. त्या दिवसांत नवा धडा सुरूच करू नये, अर्धा तास उजळणी करावी. सुटलेला अभ्यास फेब्रुवारीपासून भरून काढता येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा दुपारी सावलीत बसून गोष्टीची पुस्तकं वाचावीत. पाढे पहाटेच.

उरलेलं शिक्षण वावरात आहे. काम हेच शिकण्याचं साधन, हा विचार १९३७ साली आपल्या वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. पऱ्हाटी म्हणजे कपाशी चार बाय एक फुटावर लावली तर एका झाडाला चार चौरस फूट जागा. एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणून एकरी १०,८९० झाडं. आता मुलाने शंभर फूट ओळ मोजावी. ८८ झाडं भरली तर १२ टक्के नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा. टक्केवारीचा धडा इतका पक्का फळ्यावर होत नाही. पावसाचंही तसंच. सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने मोजावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला सुमारे ४,०४७ लिटर. निमुळती बाटली किंवा झाडाखालचा डबा आकडा चुकवतो. तो का चुकतो हे मुलालाच शोधू द्यावं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मोजणं, नोंदवणं हा अभ्यास. लेकराला किलोवर वेचणीला लावणं ही मजुरी. तिला घरशाळा म्हणू नये. आणि फवारणी झालेल्या वावरात त्या आठवड्यात मुलाला नेऊच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत.

भक्तीची जागाही नीट ठरवावी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्या कितीतरी गावांत दिवेलागणीला होते. तिथे दिवसाचा अभ्यास संपला असं धरावं. प्रार्थनेनंतर पाटी काढू नये. पाढे चुकले म्हणून जपाला बसवणं तर सर्वांत वाईट, मुलाला देव शिक्षेसारखा वाटू लागतो. हरिपाठाबाबत एक फसगत हमखास होते. मूल पोथी समोर धरून घडाघडा म्हणतं आणि आईला वाटतं वाचता आलं. ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, मग शेवटच्या शब्दावर. तिथे अडलं तर ते पाठांतर आहे. वाचन अजून व्हायचंय. पोळा, तान्हा पोळा, पहिल्या वेचणीच्या पूजेचा म्हणजे सीतादहीचा दिवस सुट्टीचाच. लहान मुलाला एकादशी धरायची असेल तर धरू द्या, पण उपाशी पोटी भागाकार देऊ नका.

आता कागदपत्रं, कारण खरी अडचण पंधराव्या वर्षी कळते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे तो पालकांचं कर्तव्य मानतो. घरी शिकवण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. म्हणून शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला गुरुजी दारात आले तर लपू नये, तारखेनिशी लिहिलेली वही दाखवावी. त्याच कायद्याने वयानुरूप वर्गात थेट प्रवेशही मिळतो, तेव्हा घरी जमेनासं झालं तर परतीची वाट मोकळी आहे. त्या वाटेने जाण्यात कमीपणा नाही.

दहावीला शाळेत न जाता खाजगीरीत्या बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो पेटीत तळाशी जपून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. तिथे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा होतात. दुसरी ऐन वेचणीत येते, म्हणून शेतकऱ्याच्या घरच्या मुलाने पहिलीच धरावी.

संपादक महोदय, १७ नंबरच्या फॉर्मची मुदत साधारण पावसाळ्यात येते, निंदण-डवरणीच्या गर्दीत, आणि खेड्यातल्या आईला ती संपल्यावर कळते. आपल्या जिल्हा आवृत्तीत ही तारीख मुदतीच्या निदान पंधरा दिवस आधी, बाजारभावाच्या चौकटीशेजारी छापावी. ती चौकट घरोघरी रोज पाहिली जाते.

आपली,
एक पालक-वाचक, जि. वर्धा