लाकडी विठ्ठलाला पाणी नको : आई-बाबांना पत्र

नाशिक, २६ मे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, विठ्ठलाच्या पायाशी पिठासारखी भुकटी पडते म्हणालात. ती वाळवी नव्हे, वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. हा भुंगेरा. सागाच्या पक्क्या, तांबूस लाकडाला तो सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढरट कच्च्या लाकडात, तेही जिथे पॉलिश नाही तिथे, अंडी घालतो. म्हणून मूर्ती आडवी करून तळ आधी बघा. मग खाली काळा कागद अंथरा. आठ दिवसांत ताजी भुकटी पडली, तरच औषध करायचं.

हे काम तुम्ही करू नका, सुताराला बोलवा. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठीचं तेलातलं कीडनाशक मिळतं. अंगणात, सावलीत, हातमोजे घालून सिरिंजने एकेका भोकात थोडं थोडं सोडायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण आतले बोगदे एकमेकांना मिळालेले असतात आणि एका भोकात घातलेलं औषध दुसऱ्यातून चिळकांडी मारतं. रंगवलेल्या चेहऱ्यावर थेंबही नको, रंग सुटेल. त्यानंतर दिवसभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा एक हात. वास पुरता जाईपर्यंत जवळ समई, उदबत्ती लावू नका, ते पेट घेतं. शेवटी भोकं मेणाने बुजवा, म्हणजे नवं भोक पडलं की लगेच कळेल. डांबरगोळ्यांनी किंवा कडुनिंबाच्या पाल्याने आतली अळी मरत नाही. आणि कीड जावी म्हणून मूर्ती उन्हात तर मुळीच ठेवू नका.

रुक्मिणीच्या पाठीवरच्या चिरेत सध्या काहीही भरू नका. आपल्या जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, लाकूड रुंदीत आक्रसतं आणि उभं तडकतं. पावसाळ्यात ते फुगलं की चीर बरीचशी मिटते. आता कडक पुट्टी भरली तर तिला मिटायला जागा राहणार नाही, शेजारी दुसरी चीर जाईल. कूलरचा झोतही देवघराकडे नको. दिवसभर ओला वारा आणि बंद केला की कोरडी हवा, अशाने लाकूड सारखं फुगतं-आक्रसतं.

आई, आषाढीला पंचामृताचा अभिषेक लाकडी मूर्तीवर करू नकोस गं. दूध-मध नक्षीच्या खाचांत अडकतं, मुंग्या येतात, बुरशी धरते. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. तिथेही रोजचं स्नान आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. अंगावर पाणी ज्येष्ठ पौर्णिमेला, १०८ घागरींचं. मग सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद असतं आणि मूर्ती नव्याने रंगवतात. आपण विठ्ठलासमोर ताम्हनात आरसा धरून त्यावर पळीने पाणी सोडू, किंवा पितळी बाळकृष्णाला अभिषेक करू. यात काही कमी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

रोज ओलं फडकं नको. रंगाऱ्याचा नवा, मऊ केसांचा एक इंची ब्रश घे आणि मुकुटापासून खाली झटक. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेलही लावू नकोस. ते वाळत नाही, धूळ आणि काजळी धरून ठेवतं, नाक-डोळ्यांची कोर बुजते. सॅनिटायझर तर अजिबात नको, स्पिरिटमध्ये लाखेचं पॉलिश विरघळतं. कुंकू पायाशी ठेवलेल्या पितळी पादुकांना लाव. समई हातभर लांब ठेव.

धाब्याच्या घराची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा मूर्ती भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. औषधाचा तो एक दिवस सोडला तर एरवी गुंडाळायचीच असली तर जुन्या धोतरात, प्लास्टिकमध्ये नको.

मृग लागायच्या आत औषधाचा पहिला हात होऊ द्या. चिरेशेजारी पट्टी धरून फोटो पाठवा. भाद्रपदात परत तसाच काढू, म्हणजे ती किती मिटली ते कळेल. मेण आणि ब्रश इथून पाठवते.

तुमची लेक