एस्टोनियाची ओळख वृत्तपत्राच्या वाचकांपासून सुरू व्हावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या छोट्या देशांची ओळख करून दिली जाते, ती मी नेमाने वाचते. एस्टोनियाच्या वाट्याला अर्धा रकाना आला आणि त्यात ऑनलाइन मतदान, स्काइप आणि राजधानी टॅलिनच्या जुन्या तटबंदीचं छायाचित्र एवढंच होतं. माहिती खरी आहे. २००५पासून तिथे घरबसल्या मत देता येतं आणि २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं तशीच पडली. पण माणसं राहून गेली. एस्टोनियन माणसांची गोष्ट वृत्तपत्राने तरी गाळू नये, कारण तिच्यात एका संपादकाचा आणि त्याच्या वाचकांचा फार मोठा वाटा आहे.

देश केवढा, ते आधी सांगते. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहूनही कमी, आणि त्यातली निम्मी जमीन जंगलाखाली. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या नाशिक शहरात याहून जास्त लोक राहतात. भाषा फिनिशच्या कुळातली, चौदा विभक्तींची. शतकानुशतकं सत्ता परक्यांची होती: डेन्मार्क, जर्मन सरदार, स्वीडन, मग रशियाचा झार. जमीनदार जर्मन आणि एस्टोनियन शेतकरी त्याच्या जमिनीला बांधलेला. ही भूदासपद्धत १८१६ ते १८१९च्या दरम्यान कायद्याने संपली, पण जमीन आणि मान दोन्ही जमीनदाराकडेच राहिले.

अशा लोकांसाठी १८५७ साली पर्नू गावात योहान व्होल्डेमार यान्सेन या शाळामास्तराने त्यांच्याच भाषेत साप्ताहिक सुरू केलं. पुढे ते टार्टू शहरात गेले, तिथेही पत्र काढलं. कामाला हाताशी मुलगी होती. तीच पुढे लिडिया कॉइडुला या नावाने एस्टोनियाची लाडकी कवयित्री झाली. १८६९ साली भूदासमुक्तीच्या पन्नाशीनिमित्त यान्सेन यांच्या पुढाकाराने टार्टूत पहिला गीतमहोत्सव भरला. गावोगावची गायनमंडळं आली, आठशेहून अधिक गायक-वादक जमले. त्या वेळी गाणारे सगळे पुरुषच होते, हेही नोंदवायला हवं, कारण या देशाची जुनी गाणी टिकवली ती मुख्यतः बायकांनी.

त्या गाण्यांची हकिगत तर मला सर्वांत मोलाची वाटते. १८८८ साली याकोब हुर्ट या धर्मोपदेशक अभ्यासकाने वृत्तपत्रांतून आवाहन केलं: आपल्या गावातली गाणी, म्हणी, कोडी, कहाण्या लिहून पाठवा. प्रतिसाद दिला तो खेड्यातल्या मास्तरांनी, शेतकऱ्यांनी, कारागिरांनी. सुमारे चौदाशे लोकांनी मिळून लाखभराहून अधिक पानं पाठवली. हुर्ट कोणी काय पाठवलं याची पोच वृत्तपत्रातच छापत, आणि ती वाचून शेजारच्या गावातला माणूस लेखणी उचले. तो सारा संग्रह आज टार्टूत जपून ठेवलेला आहे.

गाण्यांची घडणही पाहण्यासारखी आहे. ओळ साधारण आठ अक्षरांची. यमक नाही, एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द जवळजवळ येतात आणि एका ओळीत आलेली गोष्ट पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांत पुन्हा येते. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. कापणी, झोका, लग्न, पोरकेपण, सगळं त्यात आहे. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कुणालाही ती परकी वाटणार नाहीत.

१९१८ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला. १९४० साली सोव्हिएत फौजा आल्या, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. मार्च १९४९मध्ये काही दिवसांत वीस हजारांवर माणसं सायबेरियाला नेली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. गीतमहोत्सव मात्र सोव्हिएत काळातही भरत राहिला, लेनिनची स्तुतिगीतं गावी लागली तरी. कॉइडुलाच्या मायभूमीवरच्या कवितेला गुस्टाव एर्नेसाक्स यांनी नवी चाल दिली होती. १९६०च्या महोत्सवात ते गाणं कार्यक्रमात नसताना लोकांनी आपणहून म्हटलं. सप्टेंबर १९८८मध्ये टॅलिनच्या गीतमैदानावर काही लाख लोक जमले आणि स्वातंत्र्याची मागणी उघडपणे झाली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टॅलिनपासून लाटव्हियातल्या रिगामार्गे लिथुआनियातल्या व्हिल्निअसपर्यंत, सहाशे किलोमीटर, तिन्ही बाल्टिक देशांतली माणसं हातात हात घालून उभी राहिली. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य परत आलं. या लढ्याला ते लोक गाणारी क्रांती म्हणतात, आणि मला हे नाव अगदी यथार्थ वाटतं.

लेखात आणखी दोन गोष्टी याव्यात. एक म्हणजे भाकरी. राय या धान्याच्या काळ्या पावाला तिथे इतका मान की तुकडा खाली पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायची जुनी रीत आहे, आणि जेवत असलेल्याला ‘भाकरी पुरत राहो’ अशा अर्थाचं बोलायचं. दुसरी गोष्ट अवघड आहे. देशातली सुमारे पाव लोकसंख्या रशियन भाषक आहे, सीमेवरच्या नार्वा शहरात तर बहुसंख्य. त्यांतले पुष्कळ सोव्हिएत काळात कामाधंद्यासाठी आलेल्यांचे वंशज. युक्रेन युद्धानंतर त्यांच्या शाळांची भाषा, त्यांचे हक्क यांवर तिथे कडाक्याचे वाद चालू आहेत. त्यांना वगळून काढलेलं चित्र अपुरं राहील.

म्हणून विनंती अशी, की एस्टोनियावर पुन्हा एकदा, निदान पानभर मजकूर द्यावा. आणि तो देताना हुर्ट यांच्यासारखं एक आवाहनही छापावं. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, पुढे पुण्याच्या अभ्यासकांनी लाखभर ओव्या नोंदवल्या, तरी आमच्या तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांपर्यंत कोणी पोचलेलं नाही. ओवीखाली ती सांगणारीचं आणि गावाचं नाव घालावं. माझ्या शेजारच्या आजींच्या ओव्या मी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांची परवानगी घेऊन पहिली खेप मीच पाठवीन.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा