टीव्ही घरी आला, पण दुकान काही सोडेना

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात, इंचाचा आकडा एवढा मोठा की चष्म्याशिवाय वाचता येतो, पण टीव्ही घरी आल्यावर पुढे काय करायचं यावर दोन ओळी पण कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण सेटिंगचा भाग तेवढा ठेवा.

आमचा जुना ३२ इंची. नवीन घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांना ४३ हवा, भावाला ६५, आणि आईचं म्हणणं आहे त्याला काय धाड भरलीय. इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एवढं माहीत होतं पण त्यावरून भिंतीवर केवढा दिसेल ते काही डोळ्यासमोर येईना. शेवटी मी तुमच्याच पेपरची पानं सेलोटेपने जोडली, ५५ इंचीच्या मापाचा म्हणजे साधारण १२२ बाय ६८ सेंमीचा तुकडा कापला आणि भिंतीवर चिकटवला. दोन दिवस आम्ही सगळे सोफ्यावर बसून पेपरकडे बघतोय! आईने तर तिथूनच मथळे वाचून दाखवले. पण उपयोग झाला, कारण ४३ आणि ५५ मध्ये फरक १२ इंचांचाच वाटतो, प्रत्यक्षात पडदा दीडपटीहून मोठा होतो. बसायच्या अंतराचा ढोबळ हिशोब असा की इंचांना १.६ ने गुणायचं, ५५ चे झाले ८८ इंच, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास. थिएटरसारखं डोळाभर हवं असेल तर १.२ ने गुणा आणि पुढे सरका. आमचा सोफा साडेसात फुटांवर, त्यामुळे भाऊ गप्प बसला.

दुकानात एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावं ऐकून डोकं गरगरतं. पहिले दोन्ही मुळात एलसीडीच, मागून दिवे लावलेले, क्यूएलईडीत रंग खुलावेत म्हणून क्वांटम डॉटचा, म्हणजे अगदी बारीक कणांचा, थर जास्तीचा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, म्हणून अंधाराचा सीन खरंच अंधारा दिसतो. मला तोच आवडला होता खरं तर. पण आमच्या हॉलमध्ये दिवसभर उजेड, त्यात बाबा बातम्यांचं चॅनल लावून तिथेच झोपतात, आणि तासनतास एकाच जागी दिसणाऱ्या पट्टीचा, लोगोचा डाग ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो. क्यूएलईडी घेतला.

फिटिंगला माणूस आला तेव्हा मी ऑफिसात. त्याने विचारलं किती उंचीवर लावू, बाबा म्हणाले लावा वर छान दिसेल असा, झालं. पडद्याचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर. उभं राहून बघितलं तर एकदम झकास, पण उभं राहून टीव्ही बघतं कोण? आठवड्यात बाबांची मान धरली आणि उशीला दोष देऊन झाला.

खरी गंमत पिक्चरची. रंग इतके भडक की निवेदिकेचा चेहरा केशरी. मी मेनूत जाऊन ब्राइटनेस, कलर सगळं कमी केलं, बरं दिसायला लागलं, पाणी प्यायला उठले आणि येऊन बघते तर परत केशरी. पुन्हा कमी केलं, पुन्हा तेच. चार दिवस ही लढाई चालली. भाऊ म्हणाला पीस खराब आहे, बदलून घेऊ. मधूनमधून कोपऱ्यात फोर के, एचडीआर अशा पाट्या यायच्या, आई म्हणायची आता जाहिराती पण कोपऱ्यात यायला लागल्या. पाचव्या दिवशी मी सगळा मेनू एकेक करून उघडत बसले तेव्हा कळलं की टीव्ही पहिल्यांदा चालू केला की विचारतो, घरी वापरणार की दुकानात, आणि घाईत कोणीतरी दुकान दाबलं होतं. शोरूममध्ये कोणी गिऱ्हाईकाने सेटिंग बिघडवलं तर आपोआप परत भडक व्हावं अशी ती सोय, ती बिचारी आमच्या हॉलमध्ये इमानेइतबारे ड्यूटी करत होती. होम मोड केला, पाट्या गेल्या, सेटिंग टिकायला लागलं. नवीन टीव्हीवर तक्रार करायच्या आधी हे एकदा तपासा लोकहो.

तरी बाबा खूश नव्हते. त्यांचा आवडता जुना कृष्णधवल सिनेमा लावला आणि म्हणाले, अगं हे काल शूटिंग केल्यासारखं का दिसतंय, सगळे घसरत घसरत चालतायत. बरोबर होतं त्यांचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही मधल्या जागेत स्वतःच्या मनाने फ्रेम बनवून घुसवतो, म्हणून गुळगुळीत, मालिकेसारखं दिसतं. मॅचला ते ठीक आहे, सिनेमाचा मात्र बट्ट्याबोळ. बंद करायचं तर एक नाव नाही, एलजीकडे ट्रूमोशन, सोनीकडे मोशनफ्लो, सॅमसंगकडे पिक्चर क्लॅरिटी, शोधत बसा. बऱ्याच टीव्हींत आता फिल्ममेकर मोड असतो, २०१९ मध्ये जाहीर झालेला, तो लावला की ही लुडबुड बंद होते. पडदा पहिल्या दिवशी पिवळट वाटतो, आठवडाभर दम धरा, मग तो भडक रंगांचा व्हिविड मोडच निळाकाच वाटायला लागतो. आणि शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नावावर जाऊ नका, ते अक्षरांच्या कडांना नुसती पांढरी रेघ काढतं.

सेटटॉप बॉक्सचा घोळ वेगळाच. फोर के टीव्ही म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, आणि आम्ही त्याला जोडली होती जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर, जिच्यातून साधं एचडी पण येत नाही. एचडीएमआय लावली, बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८०, म्हणजे फुल एचडी, केलं, तेव्हा कुठे चित्र जागेवर आलं. जुने चौकोनी कार्यक्रम पडदाभर ताणू नका, सगळे नट जाडजूड दिसतात. राहू द्या की बाजूला काळ्या पट्ट्या. आवाजाचं म्हणाल तर एवढ्या पातळ डब्यात स्पीकर मावणार किती आणि तेही खाली तोंड करून, साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्यायचा असेल तर एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर जातो.

अजून एक, सुरुवातीला टीव्ही पाच-सहा वेळा मंजूर आहे का विचारतो आणि आपण सटासट ओके दाबतो. आपण काय बघतो ते ओळखून कंपनीला कळवायची सोय बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते, परवानगी तिथेच मागतात. ती नाकारली तरी टीव्ही चालतो. मी प्रायव्हसीच्या मेनूत जाऊन बंद केली, काही अडलं नाही.

तर साहेब, मागणी एवढीच. जाहिरात छापताना इंचांच्या खाली रुंदी-उंची सेंमीत पण द्यायला सांगा, जागा भरपूर असते. आणि महिन्यातून एकदा असा कॉलम द्या की मेनूचे फोटो आणि कुठे काय दाबायचं. बाबा कात्रण काढून ठेवतील, रिमोटच्या माहितीपुस्तिकेपेक्षा त्यांचा पेपरवर जास्त विश्वास आहे.

टीव्ही शेवटी दीड फूट खाली घेतला, आता बसल्यावर नजर पडद्याच्या मध्यावर येते आणि मान पण सुटली. वरती ब्रॅकेटची चार भोकं राहिली, ती झाकायला बाबांनी तिथे कॅलेंडर लावलंय, त्यामुळे आता तारीख बघायची झाली की आई खुर्ची ओढते.

आपली,
एक नियमित वाचक