गोबा पडला की आधी रंग पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत मुलीची गाडी मागे घेताना ओट्याला टेकली आणि मागचा बंपर वाटीएवढा आत गेला. वर्कशॉपवाल्यांनी (नाव लिहीत नाही) बंपर बदलायचे साडेनऊ हजार सांगितले. वर म्हणाले, "विमा आहे ना, क्लेम टाका, तुमच्या खिशातून काय जातंय?"

जातं, म्हणूनच हे पत्र. मुलीने सलग तीन वर्षं क्लेम केलेला नाही. त्यामुळे विमा नव्याने उतरवताना गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो हप्ता असतो, त्यात तिला ३५ टक्के सूट मिळते. पाच वर्षं अशीच गेली तर ५० टक्के. एक क्लेम केला, आणि ही सूट (नो क्लेम बोनस) राखण्याचं वेगळं कलम घेतलेलं नसलं, की ती शून्यावर येते. मग वर्षभर थांबून परत २० टक्क्यांपासून सुरुवात. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये हजार रुपये आपल्याला भरावे लागतातच. १५०० सीसीच्या वरची गाडी असेल तर दोन हजार. काउंटरवर यातलं अक्षरही कुणी काढलं नाही.

मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात ३१ वर्षं पत्र्याचं काम केलं. गाडी घरी आणली आणि आधी बंपरचा रंग पाहिला. बोट फिरवून, उन्हात आडवं बघून. कुठे तडा नव्हता. बंपर प्लास्टिकचा असतो, गरम झाला की मऊ पडतो आणि मूळ आकाराकडे जाऊ पाहतो. दोन किटल्या उकळतं पाणी गोब्यावर हळूहळू ओतलं (पार्किंगचा सेन्सर असेल तर तिथे ओतू नका), जाड रबरी हातमोजा घालून खालून हात घातला आणि तळव्याने दाबलं. फट् असा आवाज झाला. लगेच गार पाणी ओतलं. खर्च गॅसचा. त्यानंतर बंपर आणि बॉडीमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते मात्र बघा. नसेल तर आतल्या क्लिपा तुटलेल्या असतात, तिथे मिस्त्रीच हवा.

दाराचा गोबा हे वेगळं प्रकरण. तिथे लोखंडी पत्रा आहे, जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. हेअर ड्रायरने तापवून वर गार फवारा मारायचे व्हिडिओ पोरं मला दाखवतात. रेल्वेत काम केलेल्या माणसाला लोखंड किती फुगतं हे सांगावं लागत नाही. दहा सेंटिमीटरचा तुकडा ५० अंशांनी तापला तर वाढतो ०.०६ मिलिमीटर. तेवढ्याने गोबा उठत नाही. उठलेला दिसतो तो गोबा मुळात पसरट असतो, पत्रा न ताणता नुसता आत बसलेला. तो बेसिन तुंबल्यावर वापरतो त्या रबरी पंपानेही येतो. गोबा ओला करा, पंप दाबून बसवा, सरळ ओढा. आतून ढकलायचा असेल तर दाराचं अस्तर काढण्याआधी काच पूर्ण वर घ्या, एरवी ती त्याच पोकळीत उतरलेली असते. आणि दाराच्या आत किंवा खांबांजवळ हातोडा चालवू नका, तिथे एअरबॅगचे सेन्सर असतात.

गोब्यात धारदार रेघ उमटली असेल तर पत्रा ताणला गेला आहे. तो घरी सपाट होत नाही, ओढाल तर फुगवटा येईल. आपल्याकडे रस्त्याकडेला बसणारे जुने डेंटर हे काम अजून करतात. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडतात आणि त्या प्रतिबिंबाची रेघ सरळ होईपर्यंत कडेचा उंचवटा हलके ठोकत येतात. तांबट घागरीचा पोचा काढतो तसंच. शोरूमची वाट धरण्याआधी त्यांना विचारा.

रंग फुटलेला असेल तर मात्र एक पावसाळासुद्धा थांबू नका. आपल्या हवेत गंज रंगाखालून पसरतो आणि वरून दिसत नाही. तेवढी जागा वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घासून कोरडी करा, प्रायमर लावा, वर गाडीच्या रंगक्रमांकाचा टचअप. हा क्रमांक बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर थापू नका, ती पुढे तडकते. घासताना नाकातोंडाला मास्क हवाच.

वर्कशॉपवाल्यांना माझी एवढीच विनंती आहे: एस्टिमेटवर रंग फुटला आहे की नाही आणि भाग बदलायचा तर का, या दोन ओळी लिहून द्या. गाडीमालकांनीही त्या मागून घ्याव्यात.

आपला,
एक निवृत्त पत्रा कारागीर
दांडिया बाजार, बडोदे