ऊसतोडीचे बैल येण्याआधीच लस द्या

संपादक साहेब, नमस्कार.

2022 ला गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, ते बरोबरच होतं पण गावातलं गायरान मात्र चालूच राहिलं, सगळ्यांची गुरं एकाच हौदावर पाणी पीत होती. लम्पी मुख्यतः माश्या, डास अन् गोचिडांमुळे पसरतो, त्यांना कुठला चेकपोस्ट अडवणार? अंगावर गाठी उठलेली, पाय सुजलेली गाय ज्याने दावणीला बघितलीय त्यालाच कळेल ते काय असतं.

आता ऊसतोडीचा सीझन तोंडावर आलाय, बीड-नगरकडून बैलजोड्या येतील, मजुरांच्या मुक्कामाच्या तळावर शेकडो बैल खेटून बांधतात आणि शेजारीच आमचे गोठे. मजुरांचं पोट त्या बैलांवर आहे, त्यांना अडवा असं अजिबात म्हणणं नाही. पण लस दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून निघायच्या आधी त्यांच्या गावातच लस टोचा, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरवर नोंद करा आणि कारखान्यांनी ती तळावर तपासावी, गोचीड फवारणीचा खर्चही त्यांनीच उचलावा. आजारी बैल वेगळा बांधायला जागा ठेवा, आणि तेवढ्या दिवसांचा खाडा मजुराच्या उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशात) धरू नका, नाहीतर कोणीच आजार सांगणार नाही.

– एक दूध उत्पादक, जि. सांगली