दर महिन्याची ती खेप आता बंद

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रागावू नका, पण ठरवून टाकलंय. बीपी-शुगरची महिन्याची तपासणी यापुढे जवळच्या आरोग्य केंद्रातच करायची. मला यायचा कंटाळा आला म्हणून नाही हं! बाबांच्या मनात तेच येणार.

नुसती पाटी बघून ठरवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे मधुमेहासाठी केंद्रात प्रशिक्षित माणूस, उपचारांची लेखी मार्गदर्शिका, बीपीचं यंत्र, वजनकाटा, शुगर आणि लघवी तपासायच्या पट्ट्या, औषधं हे सगळं लागतं. यंत्र बहुतेक ठिकाणी असतं. पट्ट्या संपलेल्या असतात, तिथेच घोडं पेंड खातं. म्हणून पट्ट्यांचा, शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीचा, बीपीच्या अम्लोडिपिन गोळीचा साठा आधी विचारला. इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे आणि तापमान २ ते ८ अंशांत असल्याची नोंद दिवसातून दोनदा होते.

आई, तुझ्या दंडाला मोठा पट्टा लागतो, तो तिथे आहे. लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं आणि गोळी वाढते. पोचल्या पोचल्या हात पुढे करू नकोस. पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. तुला हेच जड जाणार. खुर्चीला पाठ आहे, पंखा आहे, जिना नाही.

बाबा, एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, दर तीन महिन्यांनी. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) वर्षातून एकदा. ते तिथे होत नाही, त्यासाठी मी नेईन. तळवे आणि बोटांमधली जागा मात्र रोज आईला दाखवा. त्यात कसली लाज? माझ्या पायातले काटे तुम्हीच काढायचात ना, फुंकर घालत घालत?

आता मुकाट्याने ऐका. सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की जायचं, संपल्यावर नाही. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडायची नाही, ते गोळीमुळेच आलेलं असतं. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली तर केंद्रात वेळ घालवायचा नाही, तडक मोठ्या रुग्णालयात जायचं. किती वाजता सुरू झालं तेही सांगा, उपचार त्यावर ठरतात. तशी वेळ येणार नाही, पण माहीत असू दे.

आणि बाबा, वहीतले आकडे पेनाने लिहा. खोडलेली पेन्सिल मला ओळखू येते.

तुमची,
ताई